मुद्रेवरचा शब्द आणि तोंडचा शब्द

बडोद्याच्या दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून संध्याकाळी फिरताना दारांवरच्या पाट्या वाचीत जाण्याची आम्हांस जुनी खोड आहे. पूर्वीचे चौसोपी वाडे आता फार थोडे उरले. बहुतेक ठिकाणी उंच इमारती उभ्या राहिल्या. आडनावे मात्र बरीचशी तीच आहेत. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस, मुजुमदार, जामदार, दफ्तरदार. कुठे बाळबोध अक्षरांत, कुठे गुजरातीत, कुठे इंग्रजीत. ही नावे ओळीने वाचीत गेले की एखाद्या जुन्या संस्थानाच्या कचेरीतून फेरफटका मारल्यासारखे वाटते. संस्थान गेले, कचेरी गेली. कचेरीतले हुद्दे तेवढे दारांवर राहिले.

मध्यंतरी अशा एका फेरीत आमचा अकरा वर्षांचा नातू बरोबर होता. पाट्या वाचता वाचता तो म्हणाला, "आजोबा, इतक्या लोकांच्या नावाच्या शेवटी 'नीस' कसं काय?" आम्ही मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, की फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्यापत्रे लिहिणारा तो चिटणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे ही आपली नावं मराठी नाहीतच?"

प्रश्न साधा होता. आम्ही निरुत्तर झालो. कारण आमच्या पिढीने हाच प्रश्न दुसऱ्या स्वरात पुष्कळदा ऐकलेला आहे. लग्नकार्यासाठी पुण्याकडे जावे, बोलण्याच्या ओघात गच्चीला 'अगाशी' आणि भाजीला 'शाक' म्हणावे, आणि पंगतीतल्या कोणीतरी हसून म्हणावे, "तुमची मराठी जरा गुजरातीच झाली, नाही का?" इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हिंदीवरून, बेळगावच्या वाचकांना कानडीवरून, हैदराबादच्या वाचकांना उर्दूवरून असे काही ऐकावे लागले नसेल, असे आम्हांस वाटत नाही. हसणाऱ्याच्या मनात कपट नसते. पण ते हसणे ऐकून घरातली मुले पाहुण्यांपुढे मराठी बोलेनाशी होतात, आणि पुढे घरातही बोलेनाशी होतात. म्हणून नातवाच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे आम्हांस अगत्याचे वाटले. ते शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ पैठणापासून करू. संत एकनाथांचा काळ सोळाव्या शतकाचा. त्या वेळी दख्खनेत सुलतानांची राज्ये होती आणि कचेरीची भाषा फारसी होती. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, आणि गुरूगृही असताना एकनाथ हिशेबाचे काम पाहत, असे संतचरित्रांत सांगितले आहे. एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागून काढली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. पुढे याच एकनाथांनी भारुडे रचली, आणि त्यांत 'अर्जदस्त', 'ताकीदपत्र', 'अभयपत्र' अशी कागदपत्रांची रूपेच उचलली. अर्जदस्त म्हणजे सरकारदरबारी करावयाचा विनंतीअर्ज. एकनाथांच्या अर्जदस्तात शरीर हा परगणा आहे, जीव हा तेथला शेकदार आहे आणि बुद्धी ही कारकून आहे. गावकऱ्याला ज्या शब्दांची रोज धास्ती वाटे, ते शब्द त्यांनी देवाच्या पायरीवर नेऊन ठेवले.

यात आम्हांस फार मोठी गोष्ट दिसते. एकनाथ हे भागवतावर टीका लिहिणारे, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारे पंडित. शुद्ध शब्द त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण चावडीवर ज्याने अर्ज दिला आहे, ज्याला ताकीद मिळाली आहे, त्याला परमार्थ सांगावयाचा तर त्याच्याच तोंडचे शब्द घ्यावे लागतात, हे त्यांनी जाणले. ज्या भाषेत हुकूम येत होते, त्या भाषेतले शब्द त्यांनी भक्तीच्या कामी लावले. पुढे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा सांगावयास घेतली तेव्हा त्यानेही मराठी ओवीच निवडली. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. धर्म निराळा, लिपी निराळी. तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीची चाल हवी, हे त्यालाही पटले होते.

मात्र अर्जदस्त हा शब्द भारुडात शोभला तरी तो मुळात पराधीनतेच्या कागदावरचा शब्द होता, हेही विसरून चालणार नाही. ज्याचे राज्य त्याचे शब्द, हा नियम जुना आहे. म्हणूनच ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला तेव्हा राज्याबरोबर शब्दांचाही विचार झाला. अष्टप्रधानांचे हुद्दे बदलले. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला, डबीर सुमंत झाला, सरनौबत सेनापती झाला. याच सुमारास महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. कारभारात रूढ असलेले सुमारे १३८० फारसी व दख्खनी शब्द आणि त्यांना संस्कृत प्रतिशब्द, अशी ही श्लोकबद्ध रचना आहे. तिचे दहा वर्ग आहेत. राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग हे तर त्यांत आहेतच, पण लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि बाजारहाटाचा पण्यवर्गही आहे. राजाच्या सिंहासनापासून वाण्याच्या ताजव्यापर्यंत सगळे शब्द नव्याने मांडण्याचा हा संकल्प होता.

हा कोश रघुनाथ नारायण हणमंते, म्हणजेच रघुनाथपंडित, यांच्या हातून झाला. धुंडिराज लक्ष्मण व्यास या विद्वानाचे नावही त्याच्याशी जोडलेले आहे. रघुनाथपंतांविषयी एक गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतीं वसलेल्या घराण्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. हे हणमंते घराणे शहाजीराजांबरोबर कर्नाटकात गेलेले. रघुनाथपंतांचे वडील नारो त्रिमळ हे शहाजीराजांचे कारभारी होते. स्वतः रघुनाथपंत व्यंकोजीराजांच्या पदरी होते आणि तेथे न पटल्यामुळे ते शिवाजी महाराजांकडे आले. म्हणजे मराठी राज्याचा पहिला शासनशब्दकोश करणारा गृहस्थ हा कानडी-तमिळ मुलखात कारभार केलेला, फारसी-संस्कृत दोन्ही जाणणारा, परमुलखातला मराठी माणूस होता. चार भाषांच्या गलबल्यात ज्याचे आयुष्य गेले त्यालाच आपल्या शब्दांची किंमत अधिक कळली असावी, असे आम्हांस वाटते. पुण्याच्या पंगतीत हसणाऱ्यांना आम्ही पुढे-मागे हे एवढे सांगणार आहोत.

आपल्या कामाची थट्टा होणार याची कल्पना कोशकारालाही होती. जाणत्यांना हे मान्य झाले म्हणजे पुरे, अजाणांनी हसावे तर हसोत; उंटाला केळ्याची गोडी कुठली कळायला, अशा आशयाचे त्याने ग्रंथातच लिहून ठेवले आहे. या बोलण्यात विद्वत्तेचा ताठा आहे खरा. पण नवे शब्द घडविणाऱ्याच्या मनातली धास्तीही त्यात आहे. तीनशे वर्षांनी तेच पुन्हा घडले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय स्थापन झाले, सरकारी हुद्द्यांसाठी पदनाम कोश निघाला, आणि लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवले. आज मात्र 'आयुक्त', 'संचालक', 'अभियंता' हे शब्द म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

मग रायगडावरच्या त्या संकल्पाचे पुढे काय झाले? येथे इतिहास मोठा गमतीचा आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवून दिले, की शिवकालापूर्वीच्या पत्रांत फारसी शब्दांचा भरणा फार होता आणि नंतरच्या पत्रांत तो उत्तरोत्तर कमी होत गेला. संकल्प वाया गेला नाही हे यावरून उघड आहे. सचिव, मंत्री, अमात्य, सेनापती हे शब्द राहिले. हिंदी बोलणारे आमचे शेजारी देशाच्या प्रमुखाला 'प्रधानमंत्री' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रे 'पंतप्रधान' म्हणतात. रायगडावरच्या मुख्य प्रधानाची आठवण त्या शब्दात आहे.

पण ज्या शब्दाला हटवून मुख्य प्रधान आणला तो पेशवा हटला का? १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना शाहू महाराजांनी हे पद दिले, आणि त्यानंतर शंभर वर्षे सारा हिंदुस्थान त्या घराण्याला पेशवे म्हणूनच ओळखीत राहिला. त्यांच्या मुद्रा पाहाव्यात. त्यांवर 'मुख्य प्रधान' असेच कोरलेले आहे. राजाज्ञेचा शब्द मुद्रेवर राहिला आणि वहिवाटीचा शब्द तोंडी राहिला. शंभर वर्षे हे दोन्ही शब्द एकाच माणसासाठी, एकाच वाड्यात सुखाने नांदले. त्यांत भांडण झाल्याचे कोठे नमूद नाही.

मुजुमदार अमात्य झाले, पण मुजुमदार हे आडनाव गेले नाही. वाकनीस मंत्री झाले, पण वाकनीस आडनावही राहिले. अर्ज, हुकूम, जमा, खर्च, बाकी, वसूल, हजेरी, रजा, सही, शिक्का हे शब्द तर असे रुजले की भाषाशुद्धीच्या सभेची हजेरीसुद्धा त्यांच्याशिवाय घेता येत नाही. कोणता शब्द टिकला आणि कोणता गेला, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पदांचे आणि मानाचे शब्द बदलले. कारण मान राजाच्या हातचा असतो. देण्याघेण्याचे शब्द बदलले नाहीत. कारण ते रोज लाखो माणसांच्या तोंडून जातात आणि तेथे राजाचा हात पोहोचत नाही.

महत्त्वाकांक्षा आणि शब्द यांचे नाते ग्वाल्हेरच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. १७८४ मध्ये दिल्लीच्या शाह आलम बादशहाने पेशव्यांना 'वकील-ए-मुतलक' हे पद दिले आणि महादजी शिंदे त्यांचे नायब झाले. बादशाहीचा सगळा कारभार ज्याच्या हातात, अशा पुरुषाला 'आलीजाबहादूर' असे भारदस्त किताब होते. पण मराठी मंडळींत ते 'पाटीलबावा' म्हणूनच ओळखले जात, आणि हे नाव त्यांना प्रिय होते. १७९२ मध्ये ते बादशाही सनदा आणि वस्त्रे घेऊन पुण्यास आले. त्या भेटीत त्यांनी पेशव्यांपुढे जोडे धरले, ही कथा प्रसिद्धच आहे. कोणी त्याला नम्रता म्हणतात, कोणी धोरण म्हणतात. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दिल्लीत मिळविलेला मोठा शब्द घरच्या माणसांत वापरावयाचा नसतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. घरात चालतो तो गावचा शब्द. परमुलखांत उदय पावलेल्या आपल्या अनेक घराण्यांनी हेच केले. बाहेर सुभेदार, घरात दादासाहेब; बाहेर दिवाण, घरात अण्णा.

आता आमच्या बडोद्याकडे येतो. गायकवाड घराण्याचा किताब 'सेना खासखेल शमशेर बहादूर'. त्यातला एक शब्द संस्कृतातला, बाकीचे फारसी वळणाचे. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यास 'फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया' ही आणखी एक पदवी जोडली गेली, म्हणजे इंग्रज सरकारचा खास पुत्र. इंग्रजांनी मराठी राजाला, गुजराती मुलखात, फारसीत पुत्र म्हटले. एवढ्या एका ओळीत दीडशे वर्षांचा इतिहास सामावला आहे.

ज्यांना ही पदवी मिळाली ते सयाजीराव महाराज त्या वेळी चौदा वर्षांचेही नव्हते. नाशिकजवळच्या कवळाणे गावातून आणून १८७५ मध्ये त्यांना दत्तक घेण्यात आले. तेव्हा वय बारा आणि अक्षरओळख जवळजवळ नाही. बडोद्यास कशासाठी आलास, असे विचारता या मुलाने 'राज्य करायला' असे उत्तर दिले, हे बडोद्यातल्या प्रत्येक जुन्या घरात सांगितले जाते. बारा वर्षांपर्यंत ज्याच्या हाती पाटी नव्हती, त्याने पुढे मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा मिळविल्या, १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि गावोगावी ग्रंथालये नेली. अक्षरांवाचून राहिलेल्या माणसाला अक्षरांची भूक किती असते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

याच सयाजीरावांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध झाला. कारभारातला इंग्रजी शब्द आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय, अशी एकूण आठ भाषांची मांडणी त्यात आहे. रायगडावरचा कोश आणि बडोद्याचा कोश यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे, पण मनाला जाणवते ते दृष्टीचे अंतर. रघुनाथपंडितांपुढे नुकतेच स्वतंत्र झालेले राज्य होते. त्यांना परक्या शब्दांच्या जागी आपले शब्द बसवावयाचे होते, आणि त्या काळी ते योग्यच होते. सयाजीरावांपुढे गुजराती प्रजा होती, मराठी कारभारी होते, वर इंग्रज होते. त्यांनी कोणाला हाकलले नाही. आठ भाषा एका पानावर शेजारी शेजारी बसविल्या. राज्य चालवावयाचे ते प्रजेच्या भाषेत, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून मराठी राजाच्या राज्यात गुजरातीला कारभारात मानाचे स्थान मिळाले. त्यामुळे मराठीचे काही कमी झाले नाही. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने याच बडोद्यात भरली आणि १९३२ च्या कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी भूषविले.

या कोशाचे पुढे काय झाले? १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या कारभारासाठी कोश केला तो कारभारच उरला नाही. आज तो ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. अभ्यासक तो मागवून घेतात, आदराने हाताळतात आणि परत ठेवतात. एवढा उदार कोश, पण तो बहुतांशी मुद्रेवरचाच राहिला. तोंडी येण्याइतका अवधी त्यातल्या शब्दांना मिळाला नाही.

याच्या उलट, ज्या शब्दांसाठी कोणी कोश केला नाही, कोणी आज्ञापत्र काढले नाही, ते आपल्या घरांत कसे येऊन बसले ते पाहावे. पगार, चावी, घमेले, परात, पाव, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. आज ते परके आहेत असे सांगितले तर घरातली गृहिणी हसेल. हापूस हे नावसुद्धा अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आले आहे. अण्णा, अक्का, अडकित्ता, तूप हे कानडीकडून आलेले शब्द. मराठी घरातली सर्वांत मायेची हाक आणि देवाच्या नैवेद्यावरचे तूप, दोन्ही कृष्णेपलीकडची. आणि ज्या विठ्ठलापुढे महाराष्ट्र नाचला त्याला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

देवघेव एकाच बाजूने झाली असेही नाही. हैदराबादेत चारमिनाराभोवतीच्या बाजारात दख्खनी बोलणारा माणूस आजही 'नक्को' म्हणतो. तो आपला 'नको' आहे. सातशे वर्षांच्या शेजारात आपण त्यांच्याकडून अर्ज, हुकूम, वकील, कायदा असे कितीतरी शब्द घेतले, आणि त्यांनी आपल्याकडून नकार देण्याचा शब्द घेतला. कोणत्याही भाषेत यापेक्षा रोजचा शब्द कोणता असणार?

शुद्ध की मिश्र, हा झगडा एकाच माणसाच्या मनातही होऊ शकतो. कवी माधव ज्यूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांचा जन्म १८९४ मध्ये बडोद्यातच झाला. ते फारसीचे प्राध्यापक. मराठीत गज्जल आणि रुबाई रुजविणारे तेच, १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश करणारेही तेच. आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेऊन १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणारेही तेच. ज्या शब्दांचा त्यांनी कोश केला त्याच शब्दांना ते काव्यातून निरोप देऊ लागले. त्यांना ढोंगी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. फारसीवर त्यांचे प्रेम होते आणि मराठीची त्यांना काळजी होती. दोन्ही खरे होते. परभाषिक मुलखात वाढलेल्या आपणा सर्वांच्या मनात ही दोन माणसे असतातच. त्यांना एका घरात नांदवावयाचे असते.

तेव्हा नातवाला काय सांगावे? 'ती नावे मराठी नाहीत' हे जितके अर्धसत्य, तितकेच 'ती मूळची मराठीच' हेही. आम्हांस वाटते ते असे. शब्द कोठून आला यावरून तो आपला ठरत नाही. तो आपल्याकडे किती काळ राहिला, आपल्या सुखदुःखात किती उपयोगी पडला, यावरून ठरतो. चिटणीस हा शब्द तीन-चारशे वर्षे आपल्याकडे जन्मला, लग्नपत्रिकांवर छापला गेला, सुतकाच्या पत्रांवर लिहिला गेला. तो आपला नाही तर कोणाचा? आणि हाच न्याय लावला तर बडोद्यात, इंदुरात, तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे तेथली नाहीत तर कोठली? आडनावाचा प्रश्न आणि आमचा प्रश्न शेवटी एकच आहे.

मात्र येथे थांबून चालणार नाही. शब्द आपला होण्यासाठी तो घराच्या निरनिराळ्या जागी वावरावा लागतो. अर्ज हा शब्द कचेरीतून एकनाथांच्या देव्हाऱ्यात गेला, तेथून बायकांच्या तोंडी गेला, म्हणून जगला. आपल्या घरांची स्थिती आज उलट होत चालली आहे. आमच्या पाहण्यातल्या पुष्कळ घरांत मराठी आता देव्हाऱ्यापुरती उरली आहे. गणपतीच्या दिवसांत मुले आरत्या खड्या आवाजात म्हणतात, सगळ्या कडव्यांसह म्हणतात. आरती संपली की शेजारी बसलेल्या भावाशी दुसऱ्या भाषेत बोलतात. देव्हाऱ्याने मराठीचा नाद राखला हे त्याचे थोर उपकार. पण जी भाषा केवळ देवाशी बोलावयाची, तिच्यात पुढे भांडता येत नाही, हिशेब करता येत नाही, लाडिगोडी करता येत नाही. एकनाथांनी चावडी देव्हाऱ्यात आणली. आपल्याला देव्हारा पुन्हा स्वयंपाकघरात आणि दिवाणखान्यात न्यावयाचा आहे.

१९२८ ते १९३१ या चार वर्षांत मराठी साहित्य संमेलन ओळीने ग्वाल्हेर, बेळगाव, मडगाव आणि हैदराबाद येथे भरले होते. त्या काळी मराठीचा दरबार आपल्या दारी येत असे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला, तेव्हा आपल्या मंडळांतूनही पेढे वाटले गेले. आम्हीही ते आनंदाने खाल्ले. पण अभिजात हा शब्द मुद्रेवरचा आहे, हे विसरू नये. तोंडचा शब्द आपल्यालाच सांभाळावयाचा आहे.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या घरात आजी-आजोबांच्या तोंडी असलेले, पुण्या-मुंबईत न ऐकू येणारे शब्द एका वहीत लिहून ठेवावेत. ते गुजराती असोत, हिंदी असोत, कानडी, उर्दू वा पोर्तुगीज असोत. शुद्ध-अशुद्ध पाहू नये. शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोण कधी म्हणत असे, एवढे लिहावे. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागद असतील तर ते रद्दीत जाण्यापूर्वी एखाद्या मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत. आमच्या घरातही तशी एक पेटी आहे. तिच्यातली अक्षरे आम्हांस वाचता येत नाहीत, ही लाजेची गोष्ट असून ती येथे कबूल करतो.

या सगळ्याचे सार आम्ही नातवाला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगितले. दफ्तरदार या पाटीपुढे आम्ही उभे होतो. दफ्तर हा शब्द ग्रीकांकडे चामड्यासाठी होता, तेथून तो अरबी-फारसीत वह्यांसाठी आला, फारसीतून मराठ्यांच्या कचेरीत आला, असे म्हणत असताना त्याने मध्येच थांबविले. "आजोबा, पण दफ्तर तर माझं आहे!" आणि पाठीवरची शाळेची पिशवी त्याने वळून दाखविली. त्याचे गुजराती मित्रही तिला दफ्तरच म्हणतात. आम्ही पुढे काही बोललो नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते.